कॉलनीत बागप्रेमी मंडळ टिकवायचं असेल तर: अठ्ठावीस वर्षांचा अनुभव

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाथर्डी फाट्याजवळची चाळीस घरांची कॉलनी. गेल्या जुलैत ओपन स्पेसवर ७५ रोपं लावली, आज मार्चअखेर त्यातली २२ उभी आहेत, आणि सुरुवातीला हौसेने आलेल्यांपैकी आता पाच-सहा जणच येतात. तुम्ही विचारलंय की नाशिकमधली जुनी बागप्रेमी मंडळं इतकी वर्षं चालतात ती कशी, नोंदणी करावी का, कोणते उपक्रम घ्यावेत, आणि कोपऱ्यातला वाळलेला बहावा काढून टाकावा का.

रोपं गेली याचं तुम्हाला वाईट वाटतंय हे दिसतंच आहे. पण तुमची खरी अडचण माणसं गळाली ही आहे, आणि रोपं त्यामुळेच गेली. ५३ रोपं मेली कारण त्यांना पाणी मिळालं नाही. पाणी मिळालं नाही कारण कोणत्या वारी कोणी घालायचं हे ठरलं नव्हतं. ते ठरलं नाही कारण मंडळ जमायच्या आधीच वृक्षारोपण उरकलं होतं. आमच्याकडे क्रम उलटा होता, आणि तोही आम्ही विचार करून ठरवला नव्हता, आपसूक तसा घडला. म्हणून आधी तुमच्या २२ झाडांचं बोलते, मग आमच्या मंडळाचा इतिहास सांगते. उपक्रमांचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

मी आमच्या भागातल्या मंडळात अठ्ठावीस वर्षं आहे, त्यातली अकरा वर्षं चिटणीस होते. आमचा भाग गंगापूर रोडच्या बाजूचा. तिथे तेव्हा बंगले होते, प्रत्येकाला थोडंफार अंगण होतं आणि निवृत्त माणसं भरपूर होती. तुमच्याकडे अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टने जाणारी माणसं असतील, तर आमची रविवार सकाळी सातची वेळ तुमच्या निम्म्या घरांना जमायची नाही. जमिनीतही फरक आहे. नदीच्या बाजूला काळी माती खोल आहे. तुमच्याकडे डोंगराच्या अंगाला बऱ्याच ठिकाणी हातभर खाली मुरूम लागतो. ओपन स्पेसवर बोअर आहे की नाही, यावर तर सगळंच अवलंबून आहे. त्यामुळे मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका, तुमच्याकडे काय बसतं ते पाहा.

आता पाण्याचा हिशोब. त्र्यंबकला आणि इगतपुरीला धो धो पाऊस पडतो म्हणून आपल्याला वाटतं की नाशिक पावसाचं गाव आहे. पण ढग शहरापर्यंत येईतो पुष्कळसे रिते झालेले असतात. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पुढचे आठ महिने झाडाला जे मिळेल ते आपल्या हातून. कोवळ्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ लिटरची एक बादली लागतेच. ७५ झाडं म्हणजे आठवड्याला २,२५० लिटर, आणि मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा हे पंधरा आठवडे धरले तर ३३,७५० लिटर. एवढं पाणी तुमच्या कॉलनीत कोण, कुठून, कोणत्या दिवशी आणणार होतं? हा आकडा जुलैतच कागदावर मांडला असता तर तुम्ही वीसच रोपं लावली असती.

म्हणून माझं पहिलं सांगणं थोडं कडू आहे: या पावसाळ्यात एकही नवीन रोप लावू नका. जी २२ आहेत त्यांचाच उन्हाळा काढा. झाडाला निदान तीन उन्हाळे आधार लागतो, आणि तुमचा हा पहिलाच चालू आहे. आमच्याकडे नियम आहे, एका घरामागे दोन झाडं. ती त्या घराने स्वतः निवडायची. तुमचे पाच-सहा जण आणि अजून पाच घरं एवढीच तयार झाली तरी २२ झाडांची वाटणी होऊन जाते. लहान मुलं असलेली घरं आधी गाठा. मुलं एकदा का झाडाला "आमचं झाड" म्हणायला लागली की आईबाबांना बादली उचलावीच लागते.

आणि एक वही ठेवा. आमची दोनशे पानी वही मीटरच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत सुतळीने लटकवलेली असायची, पेन तिलाच बांधलेलं. प्रत्येक झाडाला क्रमांक, पाणी घातलं की तारीख आणि सही. शेराच्या रकान्यात लोक मनापासून लिहायचे: "नऊ नंबरला वाळवी", "चौदाला नवी पालवी", "सहाचं आळं फुटलं, पाणी वाहून जातं". मोबाइलच्या ग्रुपवर हे जमेल असं तुम्हाला वाटेल. आम्ही करून पाहिलं, पण शुभेच्छांच्या गर्दीत वाळवीचा निरोप वाहून गेला. वही झाडापाशी असते, ती उघडायला माणसाला तिथे जावं लागतं.

बुंध्याभोवती पाचट, वाळका पाला, गवत, जे मिळेल त्याचं चार बोटं जाड आच्छादन करा. फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. आच्छादनामुळे दोन पाण्यांत एखाद्या दिवसाचं अंतर वाढवता येतं. लोखंडी जाळी लावली असेल तर तिच्या तारा दर सहा महिन्यांनी तपासा. आमचा एक कदंब चांगला दोन पुरुष उंच झाला होता. त्याला आधाराच्या काठीशी बांधलेली तार कोणाच्या लक्षातच राहिली नाही, ती सालीत रुतली, आणि एका वादळात झाड बरोबर त्या जागी मोडलं. तेव्हापासून आम्ही तार वापरत नाही, सुती कापडाची पट्टी सैलसर बांधतो.

आता मंडळं टिकतात कशी ते. आमचं मंडळ गुलाबांवरून सुरू झालं. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, तेव्हा इथे फुलांचं वेड नवं नाही. आमच्या गल्लीत नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांच्याकडे चाळीसेक गुलाब. दसरा झाला, पाऊस पूर्ण हटला की ऑक्टोबरच्या मध्यावर एका रविवारी ते छाटणी करायचे. आजूबाजूचे चार-पाच जण कुंपणाशी उभं राहून बघायचे. एके वर्षी त्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, आत या, कात्री घ्या. मंडळाची सुरुवात ती.

त्या छाटणीत काय व्हायचं ते सांगते, कारण लोक ते शिकायला यायचे आणि ते शिकणंच मंडळाचा पाया ठरलं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी फांद्या ठेवायच्या, मेलेल्या आणि आत एकमेकींना घासणाऱ्या काढायच्या. काप नेहमी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर, तिरका, म्हणजे नवी फूट बाहेर जाते आणि झुडपाच्या पोटात हवा खेळते. कलमाच्या जोडाखालून आलेली खुंटाची फूट मुळापासून ओढून काढायची, नुसती कापली तर ती दुप्पट जोमाने येते. मग कापांवर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचा, लेप. फवारणीसाठी काका प्लास्टिकच्या एका बादलीत मोरचूद आणि दुसरीत चुना भिजवायचे, लिटरला दहा-दहा ग्रॅम या मापाने, आणि दोन्ही एकत्र ओतल्यावर चकचकीत खिळा त्यात बुडवून धरायचे. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. तो खिळा आम्ही सगळ्यांनी रांगेने पाहिला. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना यात काहीच नवल वाटायचं नाही. ऑक्टोबर छाटणी, बोर्डो, दिवस मोजणं हे त्यांचं रोजचंच. पण बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना ती जादू होती. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात. महापालिकेच्या पुष्पोत्सवाची तारीख कळली की आमच्यातले हौशी लोक तिथून मागे दिवस मोजत बसायचे.

हळूहळू महिन्याचा एक रविवार ठरला. आमच्यातल्या वहिनींनी त्याला भिशीचं वळण दिलं, आणि माझ्या मते मंडळ जगलं ते या एका गोष्टीने. भिशीत कसं, दिवस ठरलेला, घर ठरलेलं, वर्गणी ठरलेली; आज पुढे ढकलू असं कोणी म्हणत नाही. तसंच आमचं. दर महिन्याला एक घर. त्या घरची गच्ची किंवा अंगण सगळ्यांनी बघायचं, घरच्यांनी आपली एक अडचण मांडायची, आणि निघताना प्रत्येकाने आणलेलं एक रोप, फाटा (लावायला कापलेली फांदी) किंवा बियांची पुडी मधल्या टोपलीत ठेवून दुसरं काहीतरी घेऊन जायचं. खायला एकच पदार्थ, हा नियम कडक. एरवी बायकांचा सगळा वेळ स्वयंपाकघरात जातो आणि बागेकडे बघणं राहून जातं.

पहिली काही वर्षं सार्वजनिक काम असं काही नव्हतंच. आपापल्या कुंड्या, आपापले गुलाब, एवढंच. आज मागे बघते तेव्हा वाटतं, त्या वर्षांत आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो. कोण शब्द दिला की येतो, कोणाच्या हाताला यश आहे, कोणाला हिशोब चोख लागतो हे कळलं. तुमच्या कॉलनीने ही पायरीच ओलांडली.

दुसरीकडच्या बागमंडळांचा इतिहास वाचला तरी असंच दिसतं. आपल्या देशात विल्यम केरी यांनी १८२० साली कोलकात्यात कृषी आणि उद्यानविद्येची संस्था काढली, तिच्या कामात बियाणं आणि रोपं आणून वाटणं मोठं होतं. पुण्यात एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था १८३० ची, आणि तिचं पुष्पप्रदर्शन अजून दर जानेवारीत भरतं. आपल्यापैकी पुष्कळांनी ते बघितलेलं असेल. अमेरिकेतलं पहिलं गार्डन क्लब म्हणून ज्याचं नाव घेतात ते जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचं. १८९१ साली बारा बायका एका घरी जमल्या, रोपांचे फाटे आणि अनुभव यांची देवघेव करायला. म्हणजे आमच्या टोपलीसारखंच. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लाखो लोकांनी परसात आणि मोकळ्या जागांवर भाजी पिकवली. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या बाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन राडारोड्याने भरलेल्या एका प्लॉटची बाग केली, ती आजही आहे. त्या शेवटच्या गोष्टीत तुमच्या ओपन स्पेसशी साम्य आहे. तिथेही काम उभं राहिलं ते जवळ राहणाऱ्या माणसांच्या जोरावर.

आमच्याकडे सार्वजनिक काम सुरू झालं ते पाल्यापासून. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेच्या झाडांची पानगळ होते. तेव्हा सकाळी लोक अंगण झाडून ढीग पेटवायचे. आमच्या एका सदस्याच्या नातीला दमा होता. त्या दोन महिन्यांत ती मुलगी खिडकीसुद्धा उघडू शकत नव्हती. मासिक बैठकीत आजोबांनी एवढंच सांगितलं. दुसऱ्या रविवारी आम्ही कोंबडीच्या जाळीचे चार फूट व्यासाचे दोन पिंजरे करून कोपऱ्यात उभे केले आणि घरोघरी सांगून आलो की पाला आमच्याकडे टाका, पेटवू नका.

पहिलं वर्ष फसलं. आम्ही नुसता वाळका पाला दाबून भरला. तो आत कोरडाच राहिला, वाळवी लागली, आणि एका रात्री कुठून तरी ठिणगी पडून एक पिंजरा जळाला. ज्यासाठी हे सगळं केलं तोच धूर पुन्हा. पुढच्या वर्षी पद्धत नीट बसवली. अर्धा फूट पाला, त्यावर शेणाचा पातळ काला, वर दोन मुठी माती, पाणी, पुन्हा पाला. ओल बरोबर आहे की नाही हे बघायला आतला मूठभर माल घट्ट पिळायचा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कोरडा. चार-पाच दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि काढून हात लावायचा. चांगली गरम लागली की समजायचं काम सुरू झालं. पंधरा दिवसांनी वरखाली करायचं. मार्चमध्ये भरलेला पिंजरा जुलैत काळंभोर, पावसाळी मातीच्या वासाचं खत देतो. खड्डे भरायला नेमकं तेव्हाच ते लागतं. उरलेलं पिशव्या भरून आम्ही कॉलनीतच विकतो, आणि त्या पैशांत कात्र्या, पाइप, बादल्या येतात.

तुम्हाला उपक्रम विचारायचा असेल तर माझं उत्तर हे: पहिला उपक्रम पाल्याचा घ्या. आत्ता लगेच, कारण पाला आत्ताच पडतोय. त्याला जागा कमी लागते, खर्च नगण्य, आणि चार महिन्यांत हातात काहीतरी येतं. घंटागाडीवरचा भारही तेवढा हलका होतो. ज्यांना खड्डे खणणं झेपत नाही अशा आजी-आजोबांनाही पाला आणून टाकता येतो.

शाळेतली परसबाग हा आमचा दुसरा मोठा उपक्रम, आणि त्यातून आम्ही बरंच शिकलो. जवळच्या एका शाळेत वाफे केले: मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, कुंपणाला घेवडा. मेथी महिन्याभरात काढायला येते, आणि मुलांना तेवढा धीर असतो. वांग्याची वाट बघायला लावली तर ती कंटाळतात. भाजी शाळेच्या पोषण आहारात जायची. दोन वर्षं छान चाललं. मग बागेत रमणाऱ्या बाईंची बदली झाली आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळं वाळून गेलं. आता आम्ही जूनमध्ये पेरायला सुरुवात करतो आणि मार्चमध्ये वाफे रिकामे करून पाल्याने झाकून टाकतो, सुट्टीत काही वाढवायचा हट्टच नाही. शाळेतले दोन शिक्षक आणि शेजारच्या दोन घरची माणसं, अशा चौघांनी शब्द दिल्याशिवाय नवी शाळा घेत नाही. एका माणसावर उभा असलेला उपक्रम त्या माणसाबरोबर जातो, हे आम्ही तीनदा अनुभवलं.

गणपतीत निर्माल्य गोळा करायचं काम दहा दिवसांचंच असतं, पण त्याने मंडळाला जेवढी नवी माणसं दिली तेवढी बाकी कशानेच दिली नाहीत. विसर्जनाच्या ठिकाणी क्रेट घेऊन उभं राहायचं, लोकांकडून नम्रपणे निर्माल्य मागून घ्यायचं. खरं काम नंतरचं असतं. हाराचे दोरे, प्लास्टिकची फुलं, जरीच्या पट्ट्या, थर्माकोल हातांनी वेगळे करावे लागतात. दोरा राहिला तर खत चाळताना चाळणीला गुंडाळून बसतो. हे आम्ही सगळे गोल करून बसून करतो, आणि तेवढ्या वेळात शेजारी नवीन राहायला आलेलं कुटुंब कायमचं ओळखीचं होऊन जातं.

बियांचंही थोडं. आपल्याकडच्या झाडांच्या बिया गोळा करून रोपं करणं हे मंडळाला शोभणारं काम आहे, पण प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा. निंबोळी पावसाच्या तोंडावर पडते आणि दोन-तीन आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते, त्यामुळे ताजीच पेरावी लागते. बहाव्याची बी उलट दगडासारखी. तिच्या कडेला पॉलिश पेपर घासून रात्रभर पाण्यात ठेवली तरच लवकर उगवते. बीजगोळे टाकायला आम्हीही एक-दोनदा गेलो. मुलांची सहल छान झाली, पण पुढच्या वर्षी त्या जागी जाऊन पाहिलं तर हाती फारसं काही लागलं नाही. उंदीर, मुंग्या आणि उन्हाळा यांतून गोळा वाचत नाही. तेवढेच कष्ट पिशवीत रोपं वाढवायला घातले तर जास्त फळ मिळतं, असं माझं मत आहे.

इथवरचं थोडक्यात: २२ झाडं वाटून घ्या, वही लावा, महिन्याचा एक दिवस भिशीसारखा पक्का करा, आणि पाल्याचे पिंजरे उभे करा. एवढं वर्षभर चाललं तर बाकीचं पुढे बघता येईल.

नोंदणीचं आता. पहिली दोन वर्षं घाई करू नका. नोंदणी करायची तर किमान सात सदस्य लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात कागद करावे लागतात. मग दर वर्षी हिशोब तपासून घ्यायचा, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे करणारा माणूस तुमच्यात असेल तर जरूर करा. नसेल तर दोन वर्षांत कागद थकतात आणि नंतर कोणी पदच घ्यायला तयार होत नाही. कंपन्यांकडून सामाजिक निधी घ्यायचा असेल तर मात्र नोंदणीशिवाय गत्यंतर नाही. तुमच्याकडे अंबडच्या कंपन्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे ती वेळ येईलही. तोवर साधी वर्गणी, पावतीपुस्तक, आणि जमाखर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवणं पुरेसं आहे. आमच्यात मोठी म्हणावी अशी दोन भांडणं झाली, दोन्ही पैशांवरून, आणि दोन्ही वेळा रक्कम शेकड्यांत होती. वाचून दाखवायची पद्धत त्यानंतर आली.

नोंदणीपेक्षा लवकर हवं ते पत्र. ओपन स्पेस कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा की अमुक जागेवर आमच्या कॉलनीने एवढी झाडं लावली आहेत आणि ती आम्ही सांभाळतो. सोबत झाडांची यादी आणि हातानेच काढलेला नकाशा. पोच घेऊन ठेवा. आम्ही सुरुवातीला तोंडी परवानगीवर विसंबलो होतो. एके दिवशी पाइपलाइनच्या कामाला जेसीबी आला आणि तीन वर्षांची चौदा झाडं सकाळच्या दोन तासांत गेली. ठेकेदाराच्या माणसांना तिथे कोणी काही सांभाळतंय याची कल्पनाच नव्हती, आणि आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. मी त्या दिवशी मुळं वर आलेला आमचा ताम्हण हातात धरून रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पुढच्या वेळी पत्र होतं. मग काम सुरू व्हायच्या आधी फोन आला, आणि चर दोन मीटर बाजूला सरकला.

झाडं तोडण्याबाबत १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. कॉलनीत कोणी "पार्किंगला अडतं, फांदी उडवू" म्हणालं तर आधी उद्यान विभागाला विचारायचं हे मंडळाने सगळ्यांच्या कानावर घालत राहावं.

पुढच्या वर्षी, म्हणजे ही २२ झाडं तरली आणि दहा घरं टिकली, की मग नवीन लावा. खड्डे एप्रिल-मेमध्येच खणा, दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि ऊन खाऊ द्या. खणल्यावर एक खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी साचलेलंच असेल तर खाली मुरूम किंवा कातळ पाणी धरतोय, तिथे पहारीने अजून खोल फोडल्याशिवाय रोप लावू नका; पावसाळ्यात मुळं कुजतील. वीजेच्या तारांखाली कांचन, आपटा, पारिजातक अशी आटोपशीर झाडं. मोकळ्या मधल्या भागात बहावा, ताम्हण, कडुनिंब, करंज, अर्जुन, बकुळ. वड-पिंपळाला भिंतीजवळ जागा देऊ नका. ज्या गावातल्या पंचवटीला वडांवरून नाव पडलं तिथे वड हवाच असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे, पण त्याला चारी बाजूंनी मोकळं मैदान द्या. कोनोकार्पस मात्र फुकट मिळाला तरी नको. झपाट्याने हिरवा दिसतो म्हणून लोक लावतात, पण त्याची मुळं पाइपांत शिरतात आणि परागांचा त्रास होतो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती याचसाठी.

सगळ्यांना घेऊन एकदा सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर देवराई बघून या. ५ जून २०१५ ला हजारो नाशिककरांनी तिथे आपल्या मातीतली झाडं लावली. एका दिवसातली ती लागवड लोकांच्या लक्षात आहे. तुम्ही मात्र तिथे गेल्यावर नंतरच्या वर्षांत पाणी आणि राखण कशी चालली ते विचारा.

आता तुमचा कोपऱ्यातला बहावा. मार्चमध्ये बहाव्याची पानं गळतातच, मोठी झाडंसुद्धा या दिवसांत उघडीबोडकी दिसतात, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. शेंड्याकडच्या एका काडीची साल नखाने हलकेच खरवडा. आत तपकिरी आणि कोरडं लागलं तर थोडं खाली या, पुन्हा खरवडा, असं बुंध्यापर्यंत. कुठेही ओलसर हिरवा पट्टा दिसला तर झाड जिवंत आहे. त्या जागेच्या बोटभर वर तिरका काप घ्या, वरचं मेलेलं काढून टाका, आळं नीट करून एक बादली पाणी आणि आच्छादन द्या, आणि वहीत त्याला क्रमांक देऊन एका घराच्या नावावर लिहा. जूनच्या अखेरीपर्यंत थांबा. दोन चांगले पाऊस झाल्यावरही खालून फूट आली नाही, तर तेव्हा काढा.